लाकूड आकसलं असावं

अप्पांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. तरी त्या दुपारी आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज आला, "दार लाव रे, वारा येतोय."

दादा मुकाट्याने उठला, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि परत बैठकीवर येऊन बसला. ओठांत धरलेला एक खिळा काढून त्याने बुटाच्या टाचेवर टेकवला, हातोडी उचलली, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय ऐकलं. लहानपणी त्या आवाजाने एकदा सांगितलं की पुरे असायचं, दुसऱ्यांदा सांगायची वेळ कधी आली नाही. पाय अजून ते विसरले नव्हते.

दुकानामागेच घर होतं. दादाने आत डोकावून पाहिलं. धाकटी बहीण खिडकीशी बसून मुलांच्या वह्या तपासत होती. तिने मान वर केली आणि उजेडात क्षणभर दादाला तिच्या जागी अप्पाच बसलेले दिसले. तोच पुढे आलेला जबडा, तेच जाड झालेलं नाक, भुवयांवर तेच वर आलेलं हाड.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली. "घसा बसलाय, दुसरं काय."

गेली दोन वर्षं तिचा घसा बसलेलाच होता. सगळे म्हणत, शाळेत ओरडून ओरडून बसला. दादाची बायको म्हणायची, वय झालं की माणूस आईबापांच्या वळणावर जातंच, त्यात काय नवल. दादाही तेच म्हणायचा. पण चेहऱ्याबरोबर आवाजही वळणावर जातो का, हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला भीती वाटायची, हेच खरं.

तिचं घरातलं नाव चिमणी. जन्मली तेव्हा एवढीशी होती की अप्पा म्हणाले होते, हिच्या बुटांना चामडं विकत आणायला नको, उरलेल्या कातरणात होतील. लग्न तिने केलं नाही. शाळेत शिकवायला लागली आणि भावाच्या घरी मागच्या खोलीत राहिली. नणंद-भावजयीचं सूत जमलेलं होतं, इतकं की दोघी मिळून दादाची टिंगल करत.

दुकान मापाने बूट शिवायचं. असली दुकानं आता मोजकीच उरली असतील. तयार बूट घालणाऱ्यांच्या जगात ज्यांचे पाय तयार बुटांत मावत नाहीत, किंवा ज्यांचा स्वभाव मावत नाही, अशी माणसं इथे येत. तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर कलबुतं. कलबूत म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने कोरलेला लाकडी पाय, ज्यावर चामडं ताणून बूट शिवतात. प्रत्येक जोडीच्या टाचेवर शाईने नाव. सगळ्यात वरची फळी मेलेल्या गिऱ्हाइकांची. ती कलबुतं टाकून द्यायची नाहीत, असा अप्पांचा दंडक होता. त्यामुळे खाली बसून काम करणाऱ्याच्या डोक्यावर कायम मेलेल्यांचे पाय असत, चवडे बाहेरच्या बाजूला, जणू कुणीतरी काठावर उभं राहून खाली बघतंय.

अप्पांचा दुसरा दंडक असा, की पाय बदलला तरी गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. कचेरीतला एक मोठा कारकून होता, आपला पाय सहा नंबरचाच आहे असं छातीठोकपणे सांगणारा. पाय होता आठचा. अप्पा म्हणायचे, "सहाच, साहेब, सहाच," आणि आठचा बूट शिवून आत सहाचा शिक्का मारायचे. साहेब मरेपर्यंत सहा नंबरात सुखी होते. कुणाचा पाय सुजायचा, कुणाचा बाळंतपणात पसरायचा. अशा वेळी कलबुतावर चामड्याची पातळ पट्टी चिकटवून ते वाढवायचं, पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि कारण लिहायचं, 'सूज', 'वजन', 'पोटुशी', आणि वर गप्प राहायचं. पायाबद्दल बोललं की माणसाच्या जिव्हारी लागतं, असं अप्पा म्हणत. बूट बसला की झालं.

चिमणीचं कलबूत अप्पांनी ती अठरा वर्षांची झाल्यावर कोरलं. त्यांच्या हातचं ते शेवटचं. पुढच्याच वर्षी ते गेले, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना. हृदय बंद पडलं, एवढंच तेव्हा कळलं.

त्यानंतर दरवर्षी शाळा उघडायच्या आधी दादा बहिणीसाठी काळ्या बुटांची जोडी शिवायचा. ती स्टुलावर बसून पुस्तक वाचत पाय पुढे करायची आणि दादा तो कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा. खरं तर गरज नव्हती, पण अप्पांची पद्धत होती. एकोणीस वर्षं पेन्सिलीची रेघ जुन्या रेघेवर बिनचूक पडली. विसाव्या वर्षी चवड्याशी रेघ बाहेर गेली.

अडतिशीच्या बाईचा पाय वाढत नाही, हे दादाला ठाऊक होतं. पाय तोच आहे म्हटल्यावर चूक लाकडाची. त्या वर्षी हवा फार कोरडी होती. त्याने कलबूत दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, ते काही फुगलं नाही, मग एक पट्टी चिकटवली आणि आत लिहिलं, 'लाकूड आकसलं असावं.' दुसऱ्या वर्षी वाटलं, आपलीच नजर कमी झाली. तिसऱ्या वर्षी, दिवसभर फरशीवर उभी राहते, पाय पसरले. चौथ्या वर्षापासून त्याने कारण लिहायचं सोडलं, नुसती तारीख घालू लागला. नऊ वर्षांत सात थर चढले. आणि चिमणी शाळेत सगळ्यांना सांगायची, माझ्या भावासारखे बूट जगात कुणी शिवत नाही, घातलेत हेसुद्धा कळत नाही.

मधली काही वर्षं तिची तब्येत बघणाऱ्याला दणकट वाटायची. दंड भरले, पोटऱ्या भरल्या, हात मोठे झाले. वर्गातली बाकं ती एकटी सरकवायची. मुलांनी तिचं नाव 'पैलवानबाई' ठेवलंय, हे तिनेच जेवताना हसत हसत सांगितलं होतं. मग हळूहळू ताकद कुठेतरी झिरपून गेली. दंड होते तसेच जाडजूड, पण बरणीचं झाकण निघेना. खाली बसली की उठताना गुडघ्यावर हात द्यावा लागे. घाम फुटायचा, डोकं ठणकायचं, बोटांना मुंग्या यायच्या. दादा एकदा डबा द्यायला शाळेत गेला, तर फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा होता. मागच्या बाकांवरून मुलं ओरडत होती, बाई, खालचं दिसत नाही. चिमणी म्हणाली, मग उभे राहून वाचा, तेवढाच व्यायाम. तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

शेवटी दादाच्या बायकोने दोघांनाही धारेवर धरलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टर वयाने लहान होत्या, पण त्यांची नजर तयार होती. त्यांनी चिमणीचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला, दात पाहिले, दातांमधल्या फटी पाहिल्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला उठता आलं नाही. मग त्यांनी जुने फोटो मागितले. चिमणीला फोटोचा तिटकारा, घरात एकही धड फोटो नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, अलीकडे बुटांचं माप वाढलंय का?

चिमणी हसली. म्हणाली, अठराव्या वर्षापासून एकाच कलबुतावर माझे बूट शिवले जातात, शिवणारा हा काय इथे बसलाय, त्यालाच विचारा.

दोघींनी दादाकडे पाहिलं.

"हो," दादा म्हणाला. "कलबूत तेच आहे."

शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नव्हतं. लाकूड तेच होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं काहीतरी खोडलं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि व्यायाम लिहून दिले, फरक पडला नाही तर तीन महिन्यांनी पुढच्या तपासण्या करू म्हणाल्या. आणि हा असाच दम लागत राहिला तर हृदयाचंही बघावं लागेल, वेळ घालवू नका, असं दारापर्यंत येऊन सांगितलं.

घरी आल्यावर चिमणी दुकानाच्या पायऱ्या चढू लागली. पहिल्या पायरीवर तिने दोन्ही हात मांड्यांवर रोवले आणि अंग वर ओढलं. दुसऱ्या पायरीवर थांबली. ही चढण मागे उभ्या असलेल्या दादाने आधी पाहिली होती. असेच हात रोवून, असेच दुसऱ्या पायरीवर थांबून, असाच मानेवरचा घाम पुसत अप्पा शेवटचं वर्षभर दुकानात येत होते, आणि मागून दादाने विचारलं की न वळता म्हणत, "काही नाही रे."

"काही नाही रे," चिमणी न वळता म्हणाली.

ती आत गेल्यावर दादाने शिडी लावली आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वरच्या फळीवरचं अप्पांचं कलबूत खाली काढलं. ते उचलतानाच जड लागलं. धूळ पुसली तसे चवड्याभोवतीचे थर दिसले. अप्पा स्वतःचे बूट स्वतः शिवायचे, दुकान बंद ठेवून, कुणाला जवळ फिरकू न देता. दादाने चामडं कापायची रापी घेतली. बैठकीच्या कडेला कलबूत टेकवून त्याने वरची पट्टी सोडवली. अप्पांच्या तिरक्या अक्षरात तारीख होती, ते गेले त्याच्या दोन महिने आधीची. खालच्या पट्टीवर त्याआधीच्या वर्षाची. असं करत करत तो अकराव्या पट्टीपर्यंत, थेट लाकडापर्यंत आला. लाकडाला चिकटलेल्या त्या पहिल्या पट्टीवर तारखेपुढे तीनच शब्द होते. लाकूड आकसलं असावं.

दादाने ती पट्टी उलटी ठेवली, मग पुन्हा सुलटी केली. आपणच लिहिलंय की काय, असंही एकदा वाटून गेलं. त्याने हे शब्द अप्पांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मग ते त्याच्या पेन्सिलीत आले कुठून? वरच्या फळीवरचे सगळे पाय त्याच्याकडे चवडे करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला तो दोन्ही कलबुतं आणि अप्पांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून चिमणीच्या वर्गात गेला. मुलं निघून गेली होती. ती फळा पुसत होती, खालचाच अर्धा. दादाने तिचं कलबूत टेबलावर, तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"हे तुझं," तो म्हणाला. "मी दवाखान्यात सगळं सांगितलं नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं, कलबुताकडे बघितलं आणि हात पुढे केला. दादाने रापी दिली. एकेक पट्टी तिने स्वतः सोडवली. बोटं नीट वळत नव्हती, तरी त्याला हात लावू दिला नाही. प्रत्येक तारीख तिने वाचली, गृहपाठ तपासावा तशी. शेवटच्या पट्टीवरचं वाक्य तिने दोनदा वाचलं. मग दादाने अप्पांची ती पट्टी शेजारी ठेवली. तीही तिने वाचली, आणि मग जी खुर्चीत बसली ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दादाने बोलायचा प्रयत्न केला. आधी खरंच लाकडाचा दोष वाटला, मग दुकानाचा दंडक होता, मग इतकी वर्षं सांगितलं नाही तर आता कोणत्या तोंडाने सांगू असं झालं, असं काहीबाही तो सांगत गेला. तो आपोआप थांबला तेव्हा ती म्हणाली,

"तुझे बूट मला कधी चावले नाहीत रे, दादा. एकदा जरी चावले असते ना, तर मीच विचारलं असतं."

उभ्या आयुष्यात दादाच्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती, आणि ती ऐकून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

चिमणीने सगळ्या पट्ट्या गोळा करून डब्यात घातल्या. "दवाखाना सहापर्यंत असतो," ती म्हणाली. "पिशवी तू घे. मला उचलवणार नाही."

डॉक्टरांनी अठरा पट्ट्या टेबलावर दोन ओळींत मांडल्या. दादाला वाटलं होतं त्या रागावतील. त्या फक्त म्हणाल्या, असा पुरावा आमच्याकडे कुणी आणत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिथे गाठ झाली असावी. ती ग्रंथी वाढीचा हार्मोन सोडते. लहानपणी त्यानेच उंची वाढते, आणि मोठेपणीही तो मापात लागतोच, नाहीतर स्नायू बारीक होतात, अंगात जोर राहत नाही. पण गाठीमुळे तो बेसुमार सुटला की हाडं रुंद होतात, हातपाय वाढतात, स्नायू भरल्यासारखे दिसतात आणि आतून मात्र दुबळे होत जातात. दादाच्या डोळ्यांपुढे पाण्यात भिजलेलं चामडं आलं. दुप्पट जाड दिसतं आणि त्यात टाका धरत नाही.

"हृदय हाही स्नायूच," डॉक्टर म्हणाल्या आणि अकरा पट्ट्यांच्या ओळीकडे बघत राहिल्या. गेलेल्या माणसाबद्दल खात्रीने काही सांगता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. पण क्वचित हे घराण्यात चालतं, हेही सांगितलं, आणि दादाचं वय विचारलं. दादा म्हणाला, चोपन्न. त्यांनी त्याच्याही रक्ताची तपासणी लिहून दिली.

चिमणीच्या रक्तात तो हार्मोन चिकार निघाला. मग डोक्याचं चित्र काढलं, त्यात गाठ दिसली. नाकातून दुर्बीण घालून ती काढली. तीन महिने आणखी थांबलो असतो तर काय झालं असतं, हे दादाने डॉक्टरांना विचारलं नाही, आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. हृदयाची भिंत जाड झाली होती, त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या.

पाच-सहा महिन्यांनी ती न टेकता उठू लागली. फळ्याच्या वरच्या टोकाला तारीख लिहून आली त्या दिवशी तिने हा पराक्रम भावजयीला तीन वेळा ऐकवला. सूज उतरली, पाय थोडा कमी झाला. नव्या जोडीच्या वेळी दादाने तिच्या कलबुतावर नव्याने चढवलेल्या पट्ट्यांतली एक काढली आणि तिच्यादेखत काढली. हाडं मात्र वाढली ती वाढली. जबडा तसाच राहिला, आवाजही. रोज सकाळी मागच्या खोलीतून अप्पा चहा मागतात.

त्याचं स्वतःचं रक्त ठीक निघालं. दरवर्षी तपासत राहा म्हणून सांगितलं. तरी एके दिवशी दुपारी चिमणी कागद आणि पेन्सिल घेऊन दुकानात आली, त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "पाय ठेव."

दादाने पाय ठेवला. पन्नास वर्षांत त्याच्या पायाचं माप दुसऱ्या कुणी घेतलं असेल तर अप्पांनीच. पेन्सिल करंगळीपासून निघाली, गार लागत टाचेला वळसा घालून अंगठ्याशी आली. वाकलेल्या तिच्या कपाळावर उजेड पडला होता. दादाने डोळे मिटून घेतले.

तिने कागद त्याच्या जुन्या मापाशी लावून पाहिला. "तेवढाच आहे," अप्पांच्या आवाजात ती म्हणाली.

दादाने डोळे उघडले. या दुकानात बसलेल्या प्रत्येक माणसाला याच आवाजाने हेच सांगितलं होतं. तेवढाच आहे, साहेब. सहाच.

"कागद दे इकडे," तो म्हणाला.

चिमणी हसली. "नाही ना विश्वास बसत? बरं झालं. यापुढे माझ्यावरही ठेवू नकोस."

तो कागद घेऊन खिडकीशी गेला. रेघेवर रेघ होती. अंगठ्यापाशी केसभर बाहेर गेल्यासारखी वाटली, म्हणून त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघेवर रेघच होती. चिमणीने कागदावर तारीख घातली, खाली शाळेतल्यासारखी लाल खूण केली, आणि कपाटात ठेवायला निघालेल्या दादाच्या हातून तो काढून घेऊन दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

मग ती आत गेली. दादाने अर्धवट राहिलेला बूट मांडीवर घेतला. वाऱ्याने खिळ्यावरचा कागद फडफडू लागला, आणि आतून आवाज आला, "दार लाव रे, वारा येतोय."

दादा उठला नाही. जरा थांबला. वरच्या फळीकडे एकदा बघून घेतलं.

"लावतो, चिमणे," तो म्हणाला, आणि मग उठला.